जुन्या ओम्नीचं कूलंट थोडं थोडं कमी होतं, खाली मात्र थेंब नाही. हेड उतरवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१० ची ओम्नी, नंतर बसवलेलं एलपीजी किट, रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आठवड्याला साधारण अर्धा कप उतरतं, फरशीवर डाग नाही, तापमानाचा काटा निम्म्याच्या वर जात नाही. एका गॅरेजात हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) गेलंय म्हणून बारा हजार सांगितले, दुसरीकडे गळती बुजवणारी पावडर टाका म्हणाले. यातलं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

आत्ता दोन्ही करू नका. मी चौदा वर्षं ओम्नी चालवतोय, पाटणहून चिपळूणला बेकरीचा माल आणि येताना नारळ. म्हणजे भरलेली गाडी घेऊन पोफळीपासून कुंभार्ली घाट चढायचा, आठवड्यातून चार वेळा. तुम्ही सांगताय तसाच त्रास मला सहा महिने झाला आणि मलाही हेड उतरवायलाच सांगितलं होतं. दोष निघाला तो एका जुन्या रबरी नळीत आणि तिच्यावरच्या क्लिपेत.

आधी कूलंट खरंच कमी होतंय का, ते पक्कं करा. गार असताना आणि तापल्यावर पातळी वेगळी दिसते. चार लिटर कूलंट तापलं की साधारण दीडशे मिलीने फुगतं, म्हणजे जवळजवळ तुमचा अर्धा कप. आज संध्याकाळी फेरी मारून आल्यावर पाहिलं आणि परवा सकाळी गार गाडीत पाहिलं, तर एक थेंबही न गळता कमी झाल्यासारखं वाटेल. म्हणून रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, सपाट जागी उभी असताना बाटलीवर पेनाने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठ दिवस हे करा. शिवाय एकदा गार गाडीत रेडिएटरचं झाकण उघडून आत तोंडापर्यंत भरलंय का तेही बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं जुन्या गाड्यांत सर्रास होतं आणि ते फार धोक्याचं असतं, कारण सगळ्यांची नजर बाटलीवरच असते.

असं होतं ते झाकणामुळे. त्यात दोन वॉल्व असतात. इंजिन तापलं की दाब वाढतो, ठरलेल्या दाबाला मोठा वॉल्व उचलला जातो आणि फुगलेलं कूलंट बाटलीत जातं. इंजिन गार झालं की आत पोकळी होते, मधला छोटा वॉल्व उघडतो आणि तेच कूलंट परत ओढून घेतलं जातं. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, ०.९ किंवा १.१ असा. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की हा दाब टिकत नाही. घाटात कूलंट लवकर उकळतं, बाटलीतून वाफ होऊन जातं, आणि गार झाल्यावर परत ओढलंही जात नाही. म्हणून पहिला खर्च झाकणाचा करा. दोन-तीनशेच्या आत मिळतं. जुन्यावर जो आकडा आहे तोच नव्यावर हवा. जास्त दाबाचं चांगलं असेल म्हणून बसवू नका, जुन्या नळ्या तो दाब सोसत नाहीत.

झाकण बदलूनही रेघ खाली येत राहिली, तर गळती शोधायची. खाली थेंब नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नका. मीही रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवायचो आणि सकाळी ते कोरडंच असायचं. कूलंट दाबाखाली असतानाच, तेही भरल्या गाडीने घाट चढताना, बारीक फटीतून झिरपायचं, तापलेल्या लोखंडावर पडायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. पाणी उडतं, पण रंग आणि त्यातले क्षार मागे राहतात. आपल्याला शोधायचा आहे तो हा डाग.

माझा असा सापडला. पहाटे गाडी पूर्ण गार होती, सीट उचलून मोबाइलच्या उजेडात एकेक नळी हाताने चाचपत गेलो. एलपीजीच्या रिड्युसरकडे (द्रव गॅसचा वायू करणाऱ्या भागाकडे) जाणारी बोटभर जाडीची नळी, तिच्या टी-जॉइंटपाशी क्लिपेच्या कडेला हिरवट पांढरा खरपुडा धरलेला होता, बोअरच्या नळाच्या तोंडाशी क्षार साचतात तसा. नखाने खरवडला तर खाली रबर ओलसर. क्लिप वाकवून काढल्यावर नळीच्या तोंडाला लांबीत गेलेली चीर दिसली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. रबर म्हातारं झालं होतं, एवढंच. नवी नळी, दोन नव्या क्लिपा, आणि सहा महिन्यांची काळजी पाच-सहाशे रुपयांत मिटली.

तुमच्या गाडीतही किट आहे, म्हणून हे इतकं सविस्तर सांगितलं. द्रव एलपीजीचा वायू होताना तो रिड्युसर थंड पडतो, गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरवतात. त्यासाठी मूळ गाडीत नसलेल्या दोन नळ्या, जॉइंट आणि क्लिपा वाढतात. कुणी रिड्युसरला व्हेपोरायझर म्हणतं, वस्तू एकच. सर्व्हिसिंगला गेलात तर इंजिनवाला म्हणतो हे किटवाल्याचं काम, आणि किटवाला गॅसपुरतंच बघतो. मधल्या त्या नळ्या कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

आणखी एक गोष्ट, हेड उतरवायच्या आधी कळलीच पाहिजे अशी. रिड्युसरच्या आतला पडदा किंवा गॅस्केट खराब झालं, तर गॅस कूलंटमध्ये शिरू शकतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, नळ्या दगडासारख्या कडक होतात, कूलंट बाहेर ढकललं जातं. हीच लक्षणं हेड गॅस्केटचीही आहेत. म्हणून गॅस बंद करून निव्वळ पेट्रोलवर गाडी चालवून बघा. पेट्रोलवर बुडबुडे थांबले तर संशय रिड्युसरवर घ्यायचा, हेडवर नाही. फक्त रिड्युसर स्वतः खोलू नका. बाहेरच्या पाण्याच्या नळ्या गार गाडीत तपासायला हरकत नाही, पण गॅसची बाजू किटच्या माणसानेच हाताळायची, आणि टाकीचा वॉल्व बंद करूनच.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून कूलंट बाहेर पडतं. तिथे डाग दिसला तर ते भोक बुजवू नका, पंप बदला. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या वॉल्वच्या) घराचं गॅस्केट, रेडिएटरची खालची नळी आणि तिची क्लिप, ब्लॉकच्या अंगावरचे गोल पत्र्याचे प्लग, हे सगळं बघा. हीटर बसवलेला असेल तर पायाखालची चटई ओली आहे का, काच आतून तेलकट धुक्याने भरते का ते पाहा. आणि वासाकडे लक्ष द्या. ओम्नीत इंजिन आपल्या बुडाखालीच असल्याने गोडसर गरम वास केबिनमध्ये लगेच येतो. मला तो घाटमाथ्यावर गाडी थांबवली की यायचा, आणि कित्येक आठवडे मी तो मागच्या पावांचा वास समजत होतो.

डोळ्यांना काहीच दिसलं नाही, तर दाबाची तपासणी करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावतात, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला तर गळती आहे, आणि इंजिन बंद असल्याने ती कुठे फुसफुसतेय ते शांतपणे शोधता येतं. रेडिएटरचं काम करणाऱ्यांकडे हा पंप बहुधा असतो. ज्या गॅरेजवाल्याने हा पंप न लावता हेड गॅस्केट सांगितलं, त्याला बारा हजार देऊ नका, एवढं मी ठामपणे म्हणेन.

हेड गॅस्केट खरोखर गेलं असेल तर बहुधा खुणा मिळतात. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटत राहतो, सकाळी एखादा सिलिंडर उशिरा पकडतो, तीनपैकी एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, ऑइलच्या झाकणाखाली फिकट चॉकलेटी फेस धरतो. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत थोडा फेस नुसत्या दमटपणानेही धरतो, तेव्हा एकाच खुणेवर विश्वास ठेवू नका. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून तपासतात. ज्वलनाचा वायू आत येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. तो झाला, तर मात्र हेड उतरवायला उशीर करू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की वाकतं, आणि मग नुसत्या गॅस्केटवर भागत नाही.

पावडरबद्दल. आपल्याकडे रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी रीत आहे. रस्त्यात अडकलेल्या माणसाला गावापर्यंत पोचवायला ती ठीक आहे, मी नाकारत नाही. पण जे फट बुजवतं ते रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि रिड्युसरची अरुंद वाटही बुजवतं. नळी-क्लिपेची गळती असताना असलं काही आत घालणं म्हणजे इंजिनाचं नुकसान विकत घेणं.

शोध लागेपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, कारण तुमचा काटा स्थिर आहे आणि गळती थोडी आहे. भर घालताना आधी जे कूलंट आहे तेच घाला. हिरव्यात लाल मिसळू नका, आणि नुसत्या रंगावरही जाऊ नका, डबा वाचा. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर तसंच ओतायचं, अर्क असेल तर निम्मं पाणी. पाणी म्हणजे बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड. बोअरचं पाणी घालून घालून माझ्या पहिल्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षारांनी बंद झाल्या होत्या. कूलंट गोड असतं आणि विषारीही. सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर ती मरतात, म्हणून लगेच धुऊन काढा आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. झाकण तापलेल्या गाडीत कधीही उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. आणि काटा लालकडे गेलाच तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, तासभर थांबा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो.

नळी बदलल्यावर हवा काढायला विसरू नका. ओम्नीत नळ्या लांब असल्याने हवा अडकते. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, झाकण काढून गार इंजिन चालू करा, वरची नळी गरम होईपर्यंत हळूहळू भरत राहा आणि मधूनमधून ती दाबा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा.

आठ दिवसांच्या रेघा आणि पंप लावल्यावर काटा किती मिनिटांत किती उतरला, एवढं इथे लिहा. त्यावरून पुढे कुठे बघायचं ते सांगतो.