पेटीतला अल्पाकाचा कोट

प्रश्न (दापोली): माळ्यावरच्या पेटीत पणजोबांचा काळा कोट सापडला. ते कोर्टात कारकून होते. घरात सगळे त्याला ‘अल्पाकाचा कोट’ म्हणतात. अजून चकाकतो, पण मधल्या घडीवर आडवी चीर गेली आहे. हे कापड कुठलं? आणि ते टिकवायचं कसं?

उत्तर: अल्पाका हा पेरूकडच्या डोंगरांतला लामाच्या जातीचा प्राणी. त्याची लोकर लांब, गुळगुळीत, निसरडी. मेंढीच्या लोकरीसाठी बसवलेल्या इंग्लंडच्या यंत्रांवर ती नीट चालेना, म्हणून लिव्हरपूलच्या गोदामात तिचे गठ्ठे गिऱ्हाईकाविना पडून होते. १८३६ मध्ये ब्रॅडफर्डचा गिरणीमालक टायटस सॉल्ट याने ते उचलले. त्याआधी रशियाची दोन्स्कोई लोकर कोणी घेत नव्हतं, तीही त्यानेच कातून दाखवली होती. अल्पाकाचं गणित त्याने असं जुळवलं: मागावर ओढ सोसणारा ताणा (उभे धागे) सुताचा ठेवायचा आणि बाणा (आडवे धागे) अल्पाकाचा. वरून दिसतो तो बहुतेक बाणाच, म्हणून कापड रेशमासारखं चमकतं. शिवाय ते हलकं. आपल्या उकाड्यात वकील, मास्तर, कारकून यांनी ते का उचललं असेल, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या चिरेचं कारणही तिथेच आहे. कोटात ताणा उभा असतो. तो तुटला की चीर आडवी जाते आणि कडेला बाण्याचे धागे मोकळे लोंबतात. त्या काळी सुताच्या काळ्या रंगात लोहाचे क्षार बरेचदा असत. दमट हवेत ते सुताला हळूहळू खातात. घडीवर ताण जास्त, म्हणून तिथे आधी तुटतं. लोकर शाबूत, सूत गेलेलं, अशीच बहुतेक जुन्या कोटांची गत असते.

खात्री करायची तर शिवणीच्या आत सोडलेल्या कापडातून एक उभा आणि एक आडवा धागा काढा, प्रत्येकी दोन सेंटिमीटर. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं भुरभुर जळतं, हलकी राख उरते. लोकर आकसते, केस जळल्याचा वास येतो आणि काळा गोळा चिमटीत चुरतो. दोन्ही धागे कागदासारखे जळले तर ते नुसतं चकाकी दिलेलं सुती कापड. वितळून न चुरणारा टणक मणी झाला तर धागा कृत्रिम, आणि कोट पणजोबांचा नव्हे, आजोबांचा समजा. मोहेरचा, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचा, बाणा असेल तर मात्र या परीक्षेत फरक कळत नाही. बाजारात तेही कापड अल्पाका म्हणूनच खपे. कोट कुठल्या गिरणीचा, हेही सांगता येणार नाही. ब्रॅडफर्डच्या बऱ्याच गिरण्या हाच माल विणत, आणि आतली चिठ्ठी असलीच तर बहुधा शिंप्याची.

आता जपणूक. पाण्यात घालू नका. सूत आणि लोकर वेगवेगळी आटतात आणि कोट कायमचा चुरगळतो. पाऊस सरल्यावर, कोरड्या दिवशी सावलीत दोन-तीन तास आडवा पसरा, ऊन नको. मऊ ब्रशने कॉलरच्या आतून आणि शिवणींतून धूळ काढा. कसरीची अंडी तिथेच असतात. कसर दिसली तर कोट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. मध्ये वीज जाऊन बर्फ सुटला तर दिवस पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, कोटावर दव धरेल. एक दिवस तशीच राहू द्या.

एरवी मात्र प्लास्टिक नको, आत बुरशी येते. खळ नसलेल्या जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा. घडी नेहमीच्या जागी न पाडता आत मलमलीची सुरळी घाला. हँगरवर टांगलात तर खांदे फाटतील. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधा, कापडाला लागू देऊ नका, आणि त्यांच्या जोडीला कापूर तर मुळीच नको. दोन्ही एकत्र आले की आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांना पाणी सुटतं आणि डाग पडतो. चीर शिवू नका, सुईच्या भोकांतून ती पुढे जाईल. मागून मऊ सुती पट्टी ठेवून ती अस्तराला टाचा.

प्रश्न (मालवण): हाच सॉल्ट खासदार होता आणि त्याने कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं, असं वाचलं. आमची माणसं परळ-लालबागला एका खोलीत वीस-वीस राहिली. मुंबईच्या मालकांना हे का सुचलं नाही?

उत्तर: खासदार होता, पण १८५९ ते १८६१ एवढाच, प्रकृतीमुळे सोडलं. त्याआधी, १८४८ मध्ये, तो ब्रॅडफर्डचा महापौर झाला. तिथला धूर, घाण आणि १८४९ ची पटकी त्याने जवळून पाहिली होती. मग शहराबाहेर एअर नदीकाठी, कालवा आणि रेल्वे दोन्ही हाताशी असलेली जागा घेतली. गिरणी सुरू झाली २० सप्टेंबर १८५३ ला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. माग बाराशे. पण रानात गिरणी काढल्यावर माणसं आणायची कुठून? सुरुवातीला ती ब्रॅडफर्डहून रेल्वेने येत. घरं ही त्याची गरजच होती. पुढे ८०० वर घरं झाली, घरटी स्वतंत्र संडास, नळ आणि गॅस. वृद्धांसाठी ४५ निवारे, शाळा, रुग्णालय आणि सामाईक धुलाईघर, कारण गल्लीत वाळत घातलेले कपडे मालकाला खपत नसत. दारूचा गुत्ता नाही. भाडं मात्र होतं.

मुंबईत कावसजी दावरांची पहिली गिरणी १८५४ ची, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. पण इथे माणसं आणायचा प्रश्नच नव्हता. गलबतातून, मग बोटीतून ती आपणहून उतरत. नोकरी जॉबरकडून (कामगार भरणाऱ्या मुकादमाकडून), खोली गावकऱ्यांकडून, जेवण खानावळीत. आजारी पडला की गावी. म्हातारपण, बाळंतपण, शेती सगळं कोकणातल्या घराने पाहिलं. सॉल्टने जे बांधलं ते इथे मालवण-राजापूरने फुकट पुरवलं, मग मालक कशाला बांधतो? दानत नव्हती असं नाही. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिटांना १८९० मध्ये बॅरोनेट हा इंग्रजी किताब मिळाला, आणि परळचं जनावरांचं रुग्णालय आजही त्यांच्या पत्नीच्या, साकरबाईंच्या नावाने चालतं. माणसांच्या रविवारच्या सुट्टीसाठी मात्र कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून अर्ज-सभा कराव्या लागल्या. ती १८९० मध्ये मिळाली.

प्रश्न (रत्नागिरी): सॉल्टने वसवलेलं ते गाव आज आहे का?

उत्तर: आहे. सॉल्ट १८७६ मध्ये वारला आणि १८९२ मध्ये कंपनी बुडीत निघाली. नव्या मालकांच्या हाती गिरणी १९८६ पर्यंत चालली. आता तिथे दुकानं आणि डेव्हिड हॉकनीच्या चित्रांचं दालन आहे. २००१ पासून गाव जागतिक वारसा यादीत आहे, आणि घरांत लोक राहतात.