भारतातला सगळ्यात यशस्वी महिला फुटबॉल क्लब कोणता? (मुलगी आठवीत आहे, आम्ही रत्नागिरीत राहतो)

ट्रॉफ्या मोजायच्या तर गोकुलम केरळा. इंडियन विमेन्स लीग, म्हणजे देशातली बायकांची सगळ्यात वरची लीग, त्यांनी ओळीने तीनदा जिंकली, आणि 2024-25 पर्यंत दुसऱ्या कुठल्याही क्लबला ती एकाहून जास्त वेळा जिंकता आलेली नाही. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलगी शाळेच्या टीमात खेळते, आणि असा संघ तयार कसा होतो, तिला आत्ताच गोकुलमच्या ट्रायलला न्यावं का, तेही हवंय. म्हणून जरा लांबण लावते.

मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटी शिकवते. पालकांत माझं नाव 'फुटबॉलच्या बाई'. ते कौतुकाने घेतात की वैतागून, ते महिन्यावर अवलंबून असतं. जुलैत वैतागूनच. "बाई, चेडवांका मॅचीक न्हेतास, मगे लावणीक कोण येतलो?" मुलींना मॅचला नेलंत तर भातलावणीला कोण येणार, असं एका मुलीची आई मला शाळेच्या गेटवर विचारून गेली होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर गोकुलम. कोझिकोडचा क्लब, 2017 चा. मालक श्री गोकुलम समूह, मूळ धंदा चिट फंड. म्हणजे आपली भिशीच, पण कायद्याने बांधलेली आणि अवाढव्य. आमच्याकडे भिशी लागली की फ्रीज येतो, तिथे फुटबॉल क्लब आला. कोझिकोडला बायकांचं फुटबॉल मात्र या क्लबच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. जानेवारी 1980 मध्ये आशियाई महिला स्पर्धा तिथेच झाली होती. भारताने चक्क दोन संघ उतरवले आणि त्यातला एक अंतिम सामन्यापर्यंत गेला. तैवानकडून 2-0 हरला, ते सोडा.

इंडियन विमेन्स लीग 2017 मध्ये सुरू झाली. पहिले तीन विजेते तीन वेगळे: मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट्स, तमिळनाडूचा सेतू. गोकुलमचा नंबर लागला चौथ्या मोसमात. 14 फेब्रुवारी 2020, बंगळुरू, समोर मणिपूरचा क्रिफ्सा. गोकुलम 2-0 ने पुढे, मग क्रिफ्साने बरोबरी केली, आणि शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना नेपाळच्या सावित्रा भंडारीने तिसरा गोल मारला. 3-2. दीड महिन्याच्या आत कोरोनामुळे देश बंद झाला आणि पुढचा मोसम झालाच नाही.

त्या विजेतेपदावर ते नोव्हेंबर 2021 मध्ये जॉर्डनमधल्या अकाबाला आशियाई क्लब स्पर्धेत गेले. पहिल्या दोन मॅच हरले, तिसरीत उझबेकिस्तानच्या बुन्योदकरला 3-1 हरवलं. त्या टीमात गोव्याची करिश्मा शिरवोईकर होती. हे मी मुलींना मुद्दाम सांगते, कारण मणिपूर त्यांना टीव्हीवरचं वाटतं. बांदा ओलांडलं की येतो तो गोवा तसा वाटत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते वर्ष, 2022. बारा संघ, सगळे ओडिशात, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे अकरा मॅच. 26 मेला शेवटची मॅच लागली गोकुलम आणि सेतू यांच्यात, आणि दोघांनीही आधीच्या दहाच्या दहा जिंकलेल्या! असा योग ठरवूनही जमत नाही. आमच्याकडे आंबा संपत आलेला, वीज गेलेली, मोबाईलवर मॅच बघत ओट्यावर आम्ही चौघी. तिसऱ्याच मिनिटाला सेतूचा गोल. पण कप्तान आशालता देवीने पेनल्टीवर बरोबरी केली, मग घानाच्या एल्शदाईचा, मग मनीषा कल्याणचा, आणि मध्यांतराच्या आत 3-1. तोच स्कोर शेवटपर्यंत. अकरापैकी अकरा. मनीषा त्याच वर्षी सायप्रसच्या अपोलोन क्लबला गेली आणि ऑगस्टमध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली.

लोक हा निकाल सांगतात आणि थांबतात. त्याआधीचे चार महिने कोणी सांगत नाही. डिसेंबर 2021 मध्ये केरळची राज्य महिला लीग पुन्हा सुरू झाली होती, ती गोकुलमने खेळून जिंकली, आणि मग ते ओडिशाला उतरले. पाय तापलेले होते. देशभरच्या कित्येक मुलींची वर्षातली पहिली खरी मॅच राष्ट्रीय स्पर्धेतच होते. परदेशी खेळाडू, भिशीचा पैसा, अँथनी अँड्र्यूज यांच्यासारखा कोच, हे सगळं होतंच. पण माझ्या मते मोठा फरक होता तो आधी खेळून आलेल्या मॅचचा.

याचा उलटा पुरावाही केरळातच आहे. त्याच 2022 मध्ये राज्य लीगच्या फायनलला कोचीच्या लॉर्ड्स एफएने या देशविजेत्या क्लबला 5-2 हरवलं. मला तो निकाल फार आवडतो. अशी घरची टक्कर असल्याशिवाय कोणी तयार होत नाही.

त्याआधी ऑगस्टमध्ये जे झालं ते मात्र अजून गळ्याखाली उतरत नाही. संघ पुन्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला आणि पोचतो न पोचतो तोच बातमी आली की फिफाने भारताला निलंबित केलं. कारण काय, तर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासकीय समिती फुटबॉल महासंघाचा कारभार बघत होती, आणि फिफाच्या नियमात तो बाहेरच्यांचा हस्तक्षेप. मुलींचा त्यात काडीचा संबंध नव्हता. क्लबने पंतप्रधानांपर्यंत दाद मागितली, मुली हॉटेलात बसून राहिल्या. बंदी 26 ऑगस्टला उठली, पण तोवर स्पर्धा हातची गेली होती. आवशीन (आईने) मारल्यान आणि पावसान झोडपल्यान, तर सांगणार कोणाला?

तिसरी ट्रॉफी मे 2023 ची, अहमदाबादची. सोळा संघ, फायनलला बंगळुरूच्या किकस्टार्टला 5-0. एकतर्फी झाली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

आणि मग गंमत बघा. 2023-24 ला लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर, म्हणजे होम-अवे, सुरू झाली. सगळ्यांनी एका गावात जमून महिनाभरात उरकायचं तेव्हा बंद झालं. त्या पहिल्या वर्षी ओडिशा एफसी विजेता, गोकुलम दुसरा. 2024-25 ला ईस्ट बंगाल विजेता, गोकुलम पुन्हा दुसरा. ईस्ट बंगालचा कोच कोण? तोच अँथनी अँड्र्यूज. काहींनी लगेच 'गोकुलम संपलं' म्हणून टाकलं. मला तसं वाटत नाही. त्या दोन मोसमांत सगळ्या क्लबांना महिनोन्‌महिने खेळायला मिळालं, त्यामुळे आधी फक्त गोकुलमकडे असलेली गोष्ट इतरांकडेही आली. तरी 2024-25 ला सगळी लीग मिळून किती? आठ संघ, प्रत्येकाच्या चौदा मॅच. आमच्या गावातला पोरगा भातकापणी झाल्यावर कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, टेनिस बॉलने मेपर्यंत याहून जास्त मॅच खेळतो.

आता आमची कथा, म्हणजे मी मॅच-मॅच का करतेय ते कळेल. एका वर्षी आमच्या मुली जिल्हा विजेत्या झाल्या. पेपरात फोटो, सरपंचांकडून नारळ. खरी गोष्ट अशी की एकही मॅच झाली नव्हती. तालुक्यात दुसऱ्या कोणी मुलींचा संघ दिलाच नाही आणि जिल्ह्याला समोरचा संघ आला नाही. दोन्हीकडे 'पुढे चाल'. मग विभागीय स्पर्धेला कोल्हापूरकडच्या मुलींसमोर उभ्या राहिलो. तिथल्या पोरींच्या घरात आजोबांपासून पेठेचा संघ असतो. 9-0. आमची गोलकीपर सड्यावरच्या कातळावर सराव केलेली, डाइव्ह मारायची तिला सवयच नव्हती. कातळावर डाइव्ह मारून बघा एकदा. येताना एसटीत कोणी बोललं नाही. राजापूरला वडापाव खाताना ती एवढंच म्हणाली, "बाई, अजून दोन मॅच खेळलो असतो ना, तर सहाच झाले असते."

म्हणून तुमच्या मुलीला आत्ताच गोकुलमच्या ट्रायलला न्यावं का, याला माझं उत्तर 'नको' आहे. नेत्रावतीत बसलात की कोझिकोड काही लांब नाही, प्रश्न तो नाही. त्यांच्या गाजलेल्या टीमांत मणिपूर, पंजाब, तमिळनाडूच्या मुली होत्या, आणि त्या आपापल्या राज्याच्या संघातून खेळून, दिसून वर आल्या होत्या. तुमच्या मुलीने आधी जिल्हा आणि राज्याच्या निवड चाचण्या द्याव्या. तोवर तिला मुलांबरोबर खेळू द्या, पायाला लागेल, लागू द्या. मैदान नाही म्हणून अडू नका. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला घट्ट झालेल्या वाळूवर उत्तम सराव होतो, फक्त भरतीची वेळ बघून जा.

आणि मॅच हवी असेल तर मला कळवा. आमच्याकडे यंदा चौदा मुली आहेत. नारळी पौर्णिमेनंतर लावणीचं कोणी काही बोलत नाही. राजापूर दोघांनाही मधे पडतं. तुमच्याकडे अकरा भरत नसतील तर सात-सात खेळू, गोलकीपर मात्र तुमची तुम्ही आणा.