दिवसभर वाजवली म्हणून सीडी झिजते का?

प्रश्न: रविवार कारंजाजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे. वडील सकाळी शटर उघडलं की हरिपाठाची सीडी लावतात, ती रात्रीपर्यंत रिपीटवर चालू. भाच्याने कॉम्प्युटरवर राइट करून दिलेली सीडी आहे. आता ती मधेच अडकते. कामाचा पोरगा म्हणतो, लेझरने घासून घासून गेली. खरंच असं होतं का?
– एक वाचक, जुनं नाशिक

उत्तर: नाही हो, लेझर काय घासणार! कॅसेटची टेप हेडला घासायची, रेकॉर्डवर सुई चालायची, ते झिजायचं. सीडीत लेन्स खालून अधांतरी असते, चकतीला टेकतच नाही, आणि वाचायचा लेझर एवढा कमजोर असतो (एका मिलिवॉटच्या आतबाहेर) की त्याने काही जळत नाही, राइट करताना याच्या कितीतरी पट पॉवर लागते. बाजारातल्या छापील सीडीत तर खड्डे प्लास्टिकमध्येच उठवलेले असतात, ती वर्षभर फिरवा, काय फरक पडत नाही.

पण तुमची राइट केलेली आहे ना, तिथे गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात रंगाचा थर असतो आणि तो ऊन, उष्णता आणि दमट हवेने हळूहळू बिघडतो. वाजवताना प्लेअर आतून गरम होतो तेवढा भाग धरा, पण त्यापेक्षा आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन काउंटरच्या काचेतून रोज सीडीवर पडत असेल तर ते जास्त वाईट. आणि वरच्या बाजूला बॉलपेनने नाव लिहिलंय का बघा! लोक खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि वर बिनधास्त लिहितात, स्टिकर चिकटवतात, पण सीडीत डेटा वरच्याच बाजूला असतो, लेबलच्या अगदी खाली, मधे फक्त वार्निशसारखा पातळ थर. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे, तिथले बारीक ओरखडे प्लेअर सांभाळून घेतो.

मला विचाराल तर माझा संशय प्लेअरवरच आहे. दिवसभर चालून झिजतं ते मशीन, म्हणजे मोटर आणि लेझर, शिवाय मेनरोडच्या बाजूची धूळ लेन्सवर बसते ती वेगळी. राइट केलेली सीडी छापीलपेक्षा कमी चमक परत देते म्हणून लेझर थकला की पहिली तीच अडकायला लागते आणि नाव सीडीचं जातं. हीच सीडी दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. तिथे नीट वाजली तर लेन्स साफ करून घ्या, आणि तिथेही अडकली तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नको, आणि अजून वाचतेय तोवर भाच्याला सांगून कॉम्प्युटरवर कॉपी काढून ठेवा, वडिलांना हवी तर नवी सीडी मारा, नाहीतर पेनड्राइव्ह.