वारशात आलेल्या चांदीच्या रुपयांची किंमत

प्रश्न : आजेसासूबाईंच्या पश्चात पितळी डब्यातून चांदीचे सुमारे ४० रुपये निघाले. काही राणीछाप, काही राजाचे, तर काहींवर चारमिनार आहे. चार-पाच नाण्यांना माळेसाठी कड्या डाकलेल्या आहेत. सराफांनी सगळी नाणी एकत्र तोलून एकच भाव सांगितला. तो घ्यावा का? दीर अमेरिकेत असतात, त्यांनाही वाटा द्यायचा आहे.
– एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : तो भाव तूर्त घेऊ नये. आपल्या डब्यात निदान तीन प्रकारची चांदी दिसते, आणि ती एकाच पारड्यात घातली की घेणारा साहजिकच सर्वांत हलक्या नाण्याच्या हिशेबाने बोलतो.

१८३५ पासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा वजनाचा असून त्यात ९१.७ टक्के, अर्थात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. (सराफ आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात, म्हणून बोलणी ग्रॅममध्येच करावीत.) १९४० ते १९४५ च्या रुपयांचे वजन तेच, परंतु चांदी निम्मी, म्हणजे ५.८३ ग्रॅम, १९४७ चा रुपया निकेलचा आहे. चारमिनारचे रुपये निजामाचे हाली सिक्के होत. त्यांचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के असते, मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील हाली रुपयातही ती निम्म्यावर आलेली आहे. हिशेबाला सोपा म्हणून चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला, तर न झिजलेल्या राणीछाप रुपयात १,०६९ रुपयांची, जुन्या हाली रुपयात ९१४ रुपयांची आणि १९४० ते १९४५ च्या ब्रिटिश रुपयात ५८३ रुपयांची चांदी आहे. प्रत्यक्षात त्या दिवशीचा भाव धरावा, प्रत्येक नाणे वेगळे तोलावे आणि सराफ चांदी गाळताना होणारी घट किती धरतात तेही आधीच विचारून घ्यावे.

ही झाली चांदीची किंमत. संग्राहक देतो ती निराळी, आणि ती साल व स्थिती यांवर ठरते. १८६२ चा रुपया जुना असला तरी दुर्मीळ नाही, कारण तेच साल घालून पुढे कित्येक वर्षे नाणी पाडली गेली. याउलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया अवश्य बाजूला काढावा. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड त्यात इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. गहजब झाल्यावर सरकारने ती नाणी परत घेऊन बहुतेक वितळवली, आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा साचा केला. १९३९ चा रुपयाही दुर्मीळ आहे, परंतु त्याच्या नकला फार, म्हणून तो जाणकाराला दाखवल्याशिवाय हुरळून जाऊ नये. राम-सीतेचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असा मजकूर असलेले नाणे निघाले, तर ते कंपनीचे चलन नव्हेच, त्याची लाखांत किंमत सांगणाऱ्यांपासून दूर राहावे.

कडी डाकलेल्या नाण्यांना संग्राहक सहसा हात लावत नाहीत. ती चांदीच्या भावाने द्यावीत आणि डाकाचे वजन वजा होईल हे गृहीत धरावे. उरलेल्या नाण्यांना चिंच, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. घासलेल्या नाण्यावरील बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि चांगल्या सालाचे नाणेही मोडीच्या भावावर येते.

दिरांचा वाटा पैशांच्या रूपात द्यावा, हे उत्तम. १९७२ च्या पुरातन वस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वारसा मिळाल्याबद्दल कर नाही, पण विक्रीच्या नफ्यावर तो लागू शकतो. लक्ष्मीपूजनात ठेवलेले चांदीचे रुपये करातून सुटणाऱ्या वैयक्तिक वापराच्या वस्तू ठरत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निकालच आहे. त्यामुळे विकताना पक्की पावती घ्यावी आणि त्यावर नाण्यांची संख्या व वजन लिहून घ्यावे.