टिकालचे माया अवशेष बघताना गाइड घ्यावा का?

हो, नक्की घ्या. ग्वाटेमालातल्या पेतेनच्या जंगलात टिकाल हे माया संस्कृतीचं प्राचीन शहर इतकं पसरलंय की एकटं फिरलं तर कितीतरी जागा नुसते झाडं उगवलेले उंचवटे वाटतात. ती अजून न उकरलेली बांधकामं आहेत, हे गाइड दाखवतो तेव्हाच कळतं.

मला सगळ्यात भावलं ते पाण्याचं काम. शहराला नदी नाही, म्हणून चुन्याचा गिलावा केलेले चौक उताराचे बांधले आणि पावसाचं पाणी तलावांत वळवलं. तो उतार कोणी सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही. आणि देवळांच्या दारांवरच्या तुळया चक्क चिकूच्या लाकडाच्या! आपला घोलवडचा चिकू मूळचा त्याच भागातला. (चौथ्या क्रमांकाच्या देवळातल्या कोरीव तुळया मात्र आता स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलच्या संग्रहालयात आहेत.)

पहिल्या क्रमांकाच्या देवळावर चढू देत नाहीत. सुमारे ६५ मीटर उंच चौथ्या देवळावर लाकडी जिन्याने जाता येतं. मुक्काम फ्लोरेस गावात करा आणि पहाटे निघा. उकाडा वाढायच्या आत फिरून होतं, शिवाय हाउलर माकडांच्या डरकाळ्या ऐकू येतात. पाणी, डासांचं मलम आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.