रिकामी गव्हाण आणि कोल्हापूरची आज्जी

टोरांटोजवळच्या एका गावातून एका लेकीचं पत्र आलंय. मूळची कोल्हापूरची, शाहूपुरीत वाढलेली. तिच्याच शब्दांत देते.

"काकू, इथं नोव्हेंबर उजाडला की दुकानांत कॅरल वाजायला लागतात. आमच्या घरीही झाड आहे, दिवे आहेत, भेटवस्तू आहेत, कशाची कमी नाही. तरी 25 तारखेला दुपारची जेवणं झाली की घर एकदम रितं वाटतं. मार्चमध्ये बाबा गेले. आई घरी एकटी आहे. यंदा आम्हाला येणं जमत नाही. रजा नाही आणि चौघांची तिकिटंही परवडत नाहीत. पोरांना मराठी कळतं, बोलायला लाजतात. त्यांना नाताळचा खरा अर्थ मी कसा सांगू? आणि आईला काय सांगू?"

पोरी, तू दोन प्रश्न विचारलेस, पण मला ते एकच वाटतात. नाताळाआधीचे चार आठवडे यंदा तुझ्या आईच्या हवाली कर. पोरांना अर्थ सांगायचं काम तिचं. तू फक्त फोन लावायचा आणि मेणबत्ती पेटवायची.

असं का म्हणते ते सांगते. या चार आठवड्यांना आपण आगमनकाळ म्हणतो. 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो, म्हणून त्याची लांबी दरवर्षी सारखी नसते. कधी 22 दिवस, कधी 28. तुमच्या दुकानात मिळणारी चोवीस खिडक्यांची चॉकलेटची दिनदर्शिका मात्र दरवर्षी 1 डिसेंबरलाच उघडते. मुलांना ती जरूर दे, पण आगमनकाळ त्या खिडक्यांत मावत नाही. पहिल्या रविवारी पुष्कळ मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रपाठ बाळ येशूचा नसतोच. तो असतो जागे राहण्याचा, घरधनी कोणत्या प्रहरी येईल ते ठाऊक नाही म्हणून झोपू नका, असं सांगणारा. येऊन गेलेल्या प्रभूची आठवण आणि पुन्हा येणाऱ्या प्रभूची वाट, दोन्ही या दिवसांत एकत्र असतात.

आपल्या कोल्हापूरच्या मंडळीची मुळं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या एका शाखेतली. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली इथं आले, त्यांच्या नावाचं चर्च अजून उभं आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेत सणवारांच्या पंचांगाला पूर्वी फारसं स्थान नव्हतं. त्यामुळं माझ्या लहानपणी आमच्या घरात आगमनकाळाच्या दर रविवारी एकेक पेटवायच्या चार मेणबत्त्यांचं चक्र कुणी पाहिलेलंही नव्हतं. पण वाट पाहणं होतं. भिंतींना चुना लागायचा. शिंप्याकडं कापड दिलेलं असायचं आणि तो रोज उद्या या म्हणायचा. संध्याकाळी पेटी-तबल्यावर गाण्यांची तालीम चालायची, तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. करंज्यांचा डबा वर फळीवर, त्याला हात लावायचा नाही. महिनाभर सगळं घर एका दिवसाकडं तोंड करून बसलेलं. आम्हाला कुणी आगमनकाळाचा अर्थ सांगितला नाही, आम्ही तो अंगावर घेत वाढलो.

तुझ्या मुलांकडं सगळं आहे, हे वाट पाहणं तेवढं नाही. त्यात तुझी चूक नाही. जिथं नोव्हेंबरातच सण चालू होतो आणि 26 तारखेला झाड रस्त्यावर येतं, तिथं वाट पाहायला जागाच उरत नाही. त्या चार मेणबत्त्यांची रीतही मुलांच्या वाट पाहण्यातूनच निघाली. 1839 साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखेर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी असं मुलं रोज विचारत. त्यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवू लागले. किती दिवस उरले ते मुलांना डोळ्यांनी दिसू लागलं.

आता आज्जीकडं येते. लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय एकदा सलग वाच आणि त्यात म्हातारी माणसं किती आहेत ते बघ. जखऱ्या आणि अलीशिबा, उतारवयापर्यंत मूल नसलेलं जोडपं. मंदिरात बाळाला हातावर घेणारा शिमोन. आणि हन्ना. लग्नानंतर सात वर्षांचा संसार, पुढं सगळं वैधव्य. 84 वर्षांचा आकडा लूकनं मुद्दाम लिहून ठेवलाय. मंदिर न सोडता उपास आणि प्रार्थना करत राहिलेली बाई. त्या दिवशी मंदिरात किती लोक असतील! बाळाला ओळखलं ते शिमोन आणि हन्ना या दोघांनी, कारण त्यांना वाट पाहायची सवय होती. मरीयेला दिवस गेले तेव्हा तीही पहिल्यांदा कुणाकडं गेली? डोंगराळ भागातल्या म्हाताऱ्या अलीशिबेकडं, आणि तिथं सुमारे तीन महिने राहिली. घाबरलेली तरुण पोर आणि वाट पाहून मुरलेली बाई एका चुलीशी बसल्या आहेत, हे चित्र मला गोठ्याइतकंच मोलाचं वाटतं. तुमच्या घरात ती मुरलेली बाई शाहूपुरीत बसली आहे आणि दर आठवड्याला फोनवर तिला फक्त नातवंडांचे नवे कपडे दाखवले जातात.

हिवाळ्यात तुमच्या आमच्यात साडेदहा तासांचं अंतर. रविवारी सकाळी साडेसातला तू फोन लाव, तेव्हा इथं संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. तुझ्याकडं नुकतं उजाडत असेल, तिच्याकडं दिवेलागण. दोन्ही घरांत एकाच वेळी मेणबत्ती पेटवा. आईनं तिच्या मराठी पवित्र शास्त्रातून वाचावं, चष्मा शोधायला वेळ लागला तरी चालेल. पहिल्या रविवारी यशयाचा 9 वा अध्याय, अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला तो. मग जखऱ्याची गोष्ट, मग मरीया-अलीशिबेची भेट, आणि चौथ्या रविवारी मत्तयातला योसेफ, जो त्या सगळ्या गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. वाचून झाल्यावर पोरांनी आज्जीला एकच प्रश्न विचारायचा: आज्जी, तू कुणाची वाट पाहिलीस? एवढं मराठी लाजऱ्या पोराला जमतं. ती काय सांगेल ते मला ठाऊक नाही. तुझ्या जन्माची वेळ सांगेल, गावाकडून न आलेल्या पत्राचं सांगेल, कदाचित तुझ्या बाबांचं सांगेल.

सांगताना रडली तर रडू दे. फोन बंद करू नकोस, मुलांना खोलीबाहेर काढू नकोस आणि नाताळात रडू नये असं तर अजिबात म्हणू नकोस. मत्तयाच्या दुसऱ्याच अध्यायात राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचं सांत्वन होत नाही. सुवार्तेनं ते रडणं झाकलेलं नाही. आगमनकाळ अंधारातूनच सुरू होतो, आणि तुझ्याकडं तर तो खराच असतो, पाच वाजायच्या आत दिवस मावळतो. यंदा त्या अंधाराला लगेच दिव्यांच्या माळांनी घालवायची घाई करू नकोस. पहिल्या आठवड्यात एकच वात पुरे.

बाबा दरवर्षी दारावरची चांदणी करायचे का? पुष्कळ घरांत ते काम वडिलांकडं असायचं. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि कणकेची खळ. तसं असेल तर मुलांना यंदा ती करू दे, आज्जीनं फोनवरून सांगत राहावं. वाकडी झाली तर वाकडी लावा. बाबांनी बांधलेली गाठ कशी होती हे आता तिलाच आठवतं.

आता गव्हाण. ही मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडच्या देखाव्यात ती पाळण्यासारखी गोंडस असते आणि मुलांना वाटतं देवाचं बाळ छान गादीवर झोपलं. माझ्या आजोळी, करवीर तालुक्यात, सोप्याला लागून एकाच छपराखाली गोठा होता. दगडी गव्हाण, कड म्हशींच्या मानेनं घासून आरशासारखी गुळगुळीत. एकदा माझी बांगडी आत पडली म्हणून मी हात घातला. खाली वैरणीच्या काड्या, भिजलेली पेंड आणि म्हशीची लाळ, कोपरापर्यंत चिकट. तो वास दोनदा हात धुऊनही गेला नाही. पुढं चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत "त्यांना उतारशाळेत जागा नव्हती" हे वाक्य ऐकलं तेव्हा मला एकदम तो हात आठवला. बाळाला बाळंत्यात गुंडाळून ठेवलं ते तिथं. उतारशाळा, म्हणजे धर्मशाळा, म्हणून आपण ज्या शब्दाचं भाषांतर करतो, त्याचा मूळ ग्रीक अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असाही होतो. पाहुण्यांच्या खोलीत दाटी, म्हणून घरातच जनावरांच्या बाजूला बाळंतपण, असं काही अभ्यासक मानतात. आमच्या सोप्यातल्या गोठ्याकडं पाहून मला ते लगेच पटतं. आणि पहिली बातमी कुणाला? रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्यांना. आपल्याकडं सुगीनंतर शेतात धनगर बकरी बसवतात, रात्रभर कुत्री घेऊन जागतात, तशी माणसं. आईला विचार, तिनंही पाहिली असतील. ही गोष्ट कोल्हापूरच्या बाईच्या तोंडून ऐकण्यात जो अर्थ आहे, तो तुला पुस्तकातून द्यावा लागणार नाही.

म्हणून घरात गव्हाण करा, बुटांच्या खोक्याची चालेल, आणि ती चार आठवडे रिकामी ठेवा. काही कॅथलिक घरांत एक सुंदर रीत आहे: कुणाला न सांगता एखादं चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची. बाळाला अंथरूण मऊ व्हावं म्हणून. कोणी किती टाकल्या ते विचारायचं नाही.

मुलं सांताबद्दलही विचारतील. सांता ज्यांच्यावरून आला ते मायराचे बिशप संत निकोलस चौथ्या शतकात होऊन गेले, त्यांचा सण 6 डिसेंबरला असतो. मुलांना तेवढं खरं सांग. शाळेत कुणी भारतीयांचा कसला ख्रिसमस असं विचारलं तर मुलानं मान खाली घालू नये. बेथलेहेम आशियात आहे, आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत 1616 सालीच छापली गेली आहे.

तुझ्या आईसाठी मात्र एक काम आजच कर. ऑनलाइन मिक्सर पाठवू नकोस. 25 तारखेला ती कुणाबरोबर जेवणार ते आधी ठरव. पाळकसाहेबांना फोन कर, महिला मंडळातल्या तिच्या मैत्रिणीला कर, शेजारच्या घरी कर. आपल्या गल्लीत दिवाळीला फराळाचं ताट यायचं आणि ते रिकामं परत करायचं नाही म्हणून नाताळला करंज्या-चकल्या भरून जायचं. त्या घरांना तुझी आई एकटी आहे हे कळलं तर ती सांगायची वाट बघणार नाहीत. तूही तिथल्या शेजाऱ्याला, आणि दिवाळीत ज्या मराठी घरांतून तुला लाडू आले त्यांना, ताट नेऊन दे. हे सगळं 24 तारखेच्या आत उरकायलाच हवं असं नाही. नाताळचा काळ 25 ला सुरू होतो आणि बारा दिवस, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, 6 जानेवारीपर्यंत चालतो. 25 च्या दुपारी घर रितं वाटतं असं लिहिलंस ना, ती दुपार सणाची पहिलीच दुपार असते. गव्हाण तोपर्यंत मांडलेली राहू दे.

24 तारखेला तुझ्याकडं संध्याकाळचे साडेसात वाजतील तेव्हा इथं 25 ची सकाळ झालेली असेल, सहाची. आई साडी नेसून उपासनेला निघायच्या तयारीत असेल. तेव्हा फोन लाव. तिनं प्रार्थना करावी आणि धाकट्यानं बाळ गव्हाणीत ठेवावं.

बाळाला गुंडाळायला कापड लागेल. लूकनं लिहिलेलं ते बाळंतं आपल्याकडं नव्या कापडाचं कधी करत नाहीत, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच घेतात. आईला सांग, तिच्या सुती पातळाचा नाहीतर बाबांच्या विरलेल्या सदऱ्याचा वीतभर तुकडा कापून पाकिटात घाल. कशाचा कापायचा ते तिचं तिला ठरवू दे. आजच फोन कर, पोस्टाला तुमच्याकडं पोचायला वेळ लागतो.