वाटीत पाणी, बाटलीत वारा

प्रश्न : सुट्टीत मुलांबरोबर घरी जलतरंग केला. वाटीत पाणी वाढवलं की आवाज खाली उतरतो, पण बाटलीत पाणी वाढवून तोंडाशी फुंकर मारली तर चढतो. मुलगी विचारते, असं का? शिवाय सूरही नीट लागत नाहीत.

उत्तर : मुलीला माझी शाबासकी सांगा! वाटीवर काडी मारली की वाटीची कड थरथरते. पाण्याचं ओझं वाढलं की ती थरथर मंदावते, सूर उतरतो. बाटलीत मात्र थरथरते ती आतली हवा. पाणी वाढलं की हवेला जागा उरते थोडी, म्हणून सूर चढतो.

आता सुरांचं. स्टीलच्या वाट्या बाजूला ठेवा, चिनी मातीचे बाऊल घ्या. आधी प्रत्येक कोरडाच वाजवून बघा. बारीक तडा असेल तर 'ठक्' असा बसका आवाज येतो, तो बाद. सगळ्यात मोठा बाऊल सा. सातही सूर लावायच्या फंदात पडू नका, भूप रागाचे पाच पुरे : सा, रे, ग, प, ध. तळाशी ओतलेल्या पाण्याने फारसा फरक पडत नाही. अर्ध्याच्या वर गेलात की मात्र चमचा-चमचा घाला. जास्त झालं तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या. माझ्या वर्गात हे टिपायचं काम सगळ्यात दंगेखोर मुलाकडे असतं, आणि तेव्हा तो श्वास रोखून ऐकत असतो.

काडी लाकडीच हवी. कडेवर हलकेच टेकवा आणि लगेच उचला.